सहा इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप: बॉक्सवरच्या फोटोतलं खरंच काय दिसतं?

टेलिस्कोप घेऊ का, कोणता घेऊ, त्यातून जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीसारखं दिसेल का, असे मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर सारखे येतात आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच बसून लिहितोय. मी पुण्यात बीएस्सी फिजिक्सला आहे, घर जुन्नर तालुक्यात. टेलिस्कोप गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास घेतला, अख्खा हिवाळा आणि उन्हाळा वापरून झालाय. सगळं धरून तीस हजारांच्या आसपास पडला, निम्मे पैसे माझ्या शिकवण्यांचे आणि निम्मे बाबांचे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सहा इंची डॉब्सोनियन कोणत्याही कंपनीचा घ्या, आत सगळं जवळपास सारखंच असतं.

वस्तू अगदी साधी आहे. १५० एमएमचा आरसा, १२०० एमएम फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे त्यांचा भागाकार एफ/८, पत्र्याची लांबलचक नळी आणि खाली लॅमिनेटच्या बोर्डाचा गोल फिरणारा स्टँड. मोटर नाही, ॲप नाही, हाताने ढकलायचं आणि बघायचं. सोबत २५ आणि १० एमएमचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) येतात, म्हणजे ४८ पट आणि १२० पट. इथे लगेच कोणीतरी म्हणतं की अरे ऑनलाइन तर चार हजारात ५२५ पट वाला मिळतोय! मिळतो, पण त्याची काच साठ एमएमची असते, आणि साधारण हिशोब असा की दर एमएमला फार तर दोन पट, म्हणजे १२० च्या वर त्यात फक्त धूसर गोष्ट अजून मोठी आणि अजून धूसर होते. अंधारात आपली बाहुली जास्तीत जास्त सातेक एमएम उघडते, १५० एमएमचा आरसा त्याच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. पैसे त्या प्रकाशाचे मोजायचे असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानदार गंडवू शकत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या बॉक्सवर तीन फोटो छापले होते, कडी पसरलेला शनी, गुलाबी-निळा तेजोमेघ (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) आणि सर्पिल दीर्घिका (ताऱ्यांचा महासमूह). खाली बारीक अक्षरात सुद्धा कुठे लिहिलेलं नाही की हे या टेलिस्कोपमधून असं दिसणार नाहीये. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या तीन फोटोंच्या क्रमानेच जाऊ दे.

शनीचं टायमिंगच खराब होतं. साधारण दर पंधरा वर्षांनी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून जाते, तेव्हा कडी आपल्याला कडेवरून दिसतात, आणि ते नेमकं मार्च २०२५ मध्ये झालेलं. नोव्हेंबरमध्ये परत कडी अगदीच सपाट झाली. म्हणजे मी पहिल्यांदा शनी लावला तेव्हा पिवळसर छोटा गोळा आणि त्याच्या आरपार एक बारीक रेघ, बस्स. शेजारच्या दादाने डोळा लावला आणि म्हणाला, "कडी कुठंय, हा डिफेक्टिव्ह आहे का?" मला मात्र तेच जास्त भारी वाटलं, कारण ती कडी लाखो किलोमीटर पसरलेली असून इतकी पातळ आहेत की बाजूने बघितली की जवळपास गायब होतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं आणि इथे समोर दिसत होतं. टायटन हा त्याचा सगळ्यात मोठा चंद्र पण दिसला, बाजूला एक ठिपका. आता दरवर्षी कडी थोडी थोडी उघडत जाणार आहेत, २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली दिसतील, तेव्हा आत्ता घेणाऱ्याने या बाबतीत काळजी करू नये.

गुरूच्या बाबतीत पैसे वसूल. दोन ठळक पट्टे पहिल्याच दिवशी दिसले, हवा शांत असेल तेव्हा लाल डाग सुद्धा, पण तो लाल वगैरे नसतो, फिकट नारिंगी असतो आणि शोधावा लागतो. जानेवारीत गुरू मिथुन राशीत होता आणि गावाकडे स्लॅबवर लावलेला, आजीने बघितलं आणि विचारलं, "याच्या शेजारी ह्या बारीक चांदण्या एका रांगेत कुणी मांडल्या?" ते चार मोठे चंद्र. जेवून परत आली तर रांग बदललेली, एक चांदणी गुरूच्या अंगाला चिकटलेली आणि थोड्या वेळाने नाहीशीच झाली, तर तिने मलाच विचारलं की तू काय हलवलंस. त्यातला आयो पावणेदोन दिवसात गुरूभोवती एक चक्कर मारतो त्यामुळे दोन तासात फरक कळतो. फोटोत हे कधीच कळत नाही, फोटोत सगळं थांबलेलं असतं.

गुरूचे जे झगझगीत फोटो आपण बघतो, भोवरे, निळी-केशरी वळणं, ते बरेचसे गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याचे असतात आणि त्याचा कच्चा डेटा नासा सगळ्यांना फुकट देते, कोणीही उतरवून घ्यावा. मी एक उतरवला. यान स्वतःभोवती फिरत असतं म्हणून फोटो पट्ट्या पट्ट्यांमध्ये येतो, लाल हिरव्या निळ्या फिल्टरच्या पट्ट्या वेगळ्या, त्या जुळवत बसायचं, आणि जुळल्यावर जो गुरू येतो तो फिकट मळकट पिवळा-तपकिरी. म्हणजे माझ्या आयपीसमध्ये दिसतो साधारण तसाच! मग त्यावर कॉन्ट्रास्ट ताणत नेला की हळूहळू ते भोवरे वर येतात. ती फसवणूक नाहीये, भोवरे तिथे आहेतच, फक्त आपल्या डोळ्याला तेवढा बारीक फरक पकडता येत नाही. पण हे स्वतः करून बघेपर्यंत मला वाटायचं की यानाच्या खिडकीतून बघितलं तर तसंच दिसेल.

एक तक्रार इथेच लिहून टाकतो. गुरू आपल्याकडे या वर्षी रात्री जवळजवळ डोक्यावर यायचा, कारण पुण्याचा अक्षांश साडेअठरा उत्तर आणि आकाशात गुरूही विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण तेवढ्याच आसपास. ऐकायला मस्त, पण डॉब्सोनियन बरोबर डोक्यावर वळवता येत नाही नीट. नळी सरळ उभी राहते आणि मग डावीकडे-उजवीकडे ढकललं तर नुसती स्वतःभोवती फिरते, ग्रह निसटून जातो. १२० पटीला तसाही ग्रह पावणेदोन मिनिटात या टोकापासून त्या टोकाला जातो, मोटर नसल्यामुळे सतत हलक्या हाताने ढकलत राहायचं. चार जणांना दाखवायचं असेल तर प्रत्येक वेळी "लवकर बघ, लवकर बघ" असं ओरडावं लागतं. सवय होते, पण आधी माहीत असलेलं बरं.

आता तेजोमेघ. मृग नक्षत्रातला एम ४२, साधारण १,३५० प्रकाशवर्षं लांब. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून मधे चार तारे आणि भोवती थोडं धुकट, गावाकडून मात्र पंख पसरल्यासारखा मोठा आकार, पण रंग? राखाडी. फार तर किंचित हिरवट झाक. गुलाबी अजिबात नाही, एक टक्कासुद्धा नाही. कारण टेलिस्कोपमध्ये नाही, आपल्या डोळ्यात आहे. कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास काम थांबवतात आणि ज्या पेशी उरतात त्यांना रंग कळत नाहीत, त्यांना सगळ्यात चांगला दिसतो तो ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश. तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश बरोबर तिथेच पडतो म्हणून तो भाग दिसतो, आणि हायड्रोजनचा लाल, जो ६५६ वर असतो आणि ज्यामुळे फोटो गुलाबी येतात, तो या पेशींना जवळजवळ दिसतच नाही. शिवाय कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवत बसतो, डोळ्याला तशी सोय नाही.

तरी एका गोष्टीत डोळा जिंकतो आणि हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. त्या मेघाच्या पोटात जे चार तारे आहेत ना, ट्रॅपेझियम, ते मोबाईलने किंवा साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या लांब एक्सपोजरच्या फोटोत बहुतेक वेळा पांढऱ्या डागात जळून गेलेले असतात. आयपीसमध्ये मात्र चारही टोकदार वेगळे आणि त्याच वेळी बाहेरची अंधुक कड पण दिसते. हबल अवकाश दुर्बिणीने हाच मेघ टिपला तेव्हा ५२० फोटो, पाच रंगांत, जोडून एक चित्र केलं होतं, २००६ ला आलेलं. ते चित्र माझ्या लॅपटॉपवर वॉलपेपर आहे आणि आता मी ते बघतो तेव्हा आधी ते चार तारे शोधतो, मग आयपीसमध्ये जी काळी खाच आत घुसलेली दिसते ती शोधतो, मग बाकीचं. आधी फक्त "वा काय रंग" म्हणून स्क्रोल करायचो.

रंगांवरून आठवलं, पिलर्स ऑफ क्रिएशन. हबलने १ एप्रिल १९९५ ला काढलेला, गरुड तेजोमेघातले ते धुळीचे खांब, टी-शर्टवर पण मिळतात. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. प्रत्यक्षात गंधक आणि हायड्रोजन दोघंही लालच चमकतात, म्हणजे खऱ्या रंगात ते दोन्ही वेगळे ओळखूच आले नसते, म्हणून शास्त्रज्ञांनी ते वेगळे रंगवले. त्या फोटोचा वरचा उजवा कोपरा काळा जिन्यासारखा का कापलेला आहे याचं पण मला लहानपणापासून कोडं होतं, तर त्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या आणि त्यातली एक जास्त झूम करणारी होती, तिचा भाग बाकीच्यांच्या मापात आणला की छोटा होतो आणि बाजूची जागा रिकामी राहते. मे महिन्यात पहाटे गावाहून मी माझ्या टेलिस्कोपमधून गरुड तेजोमेघ लावला, तारकागुच्छ छान दिसला, भोवती धुकं आहे असा संशय, आणि खांबांचा पत्ता नाही. सहा इंचीत ते दिसतील अशी अपेक्षा ठेवून कोणी घेऊ नका.

वेबची गोष्ट तर अजून वेगळी. त्याचा साडेसहा मीटरचा आरसा, आणि तो बघतो मुख्यतः इन्फ्रारेड, जो कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही, तेव्हा "खरे रंग" हा प्रश्नच तिथे निकालात निघतो. कॅमेरा वेगवेगळ्या फिल्टरमधून राखाडी फोटो काढतो, मग सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, सगळ्यात आखूडला निळा, असा क्रम लावून रंगवतात. काही लोक हे कळल्यावर "म्हणजे फेकच की" म्हणतात. मला नाही पटत. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं म्हणून कोणी डॉक्टरला खोटारडा म्हणत नाही.

मजा आहे ती ताऱ्यांच्या काट्यांमध्ये. माझ्या टेलिस्कोपमध्ये पुढचा छोटा आरसा चार पातळ पात्यांवर धरलेला आहे, त्यामुळे व्याध लावला की त्याला चार किरण फुटलेले दिसतात, अधिकचं चिन्ह. हबलच्या फोटोतल्या ताऱ्यांनाही चारच, त्याच कारणाने! वेबच्या ताऱ्यांना मात्र सहा मोठे आणि आडवे दोन छोटे, कारण त्याचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आणि पुढचा आरसा धरणाऱ्या दांड्यांची रचना वेगळी. एकदा हे कळलं की कुठलाही फोटो बघून हबलचा की वेबचा ते सांगता येतं. जुलै २०२२ ला वेबचा पहिला डीप फील्ड (आकाशाच्या छोट्या तुकड्याचा खूप खोलवरचा फोटो) आला त्यात ज्या ज्या ठिपक्यांना असे काटे आहेत ते जवळपास सगळे आपल्याच आकाशगंगेतले तारे, आणि ज्यांना नाहीत त्या दीर्घिका. हॉस्टेलवर मी मुलांना हे दाखवलं, रात्री दोनपर्यंत सगळे झूम करून काटे मोजत बसले होते.

तिसरा फोटो, सर्पिल दीर्घिका. देवयानी, पंचवीस लाख प्रकाशवर्षं. गावातून नुसत्या डोळ्यांनी पण पुसट दिसते, टेलिस्कोपमध्ये मधला उजळ भाग आणि बाजूला तिची एक छोटी सोबतीण दीर्घिका. हात वगैरे नाहीत. आणि ती अख्खी मावत पण नाही, २५ एमएमच्या आयपीसमध्ये साधारण एक अंश आकाश दिसतं आणि देवयानी फोटोत तीन अंश पसरलेली असते. कृत्तिकाही याच कारणाने पूर्ण मावत नाहीत, त्या दहा बाय पन्नासच्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून जास्त सुंदर दिसतात, हे टेलिस्कोप विकणारे सांगणार नाहीत. पण खरं सांगू का, त्या राखाडी डागाकडे बघताना हा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय आणि मध्ये स्क्रीन नाही, सेन्सर नाही, थेट माझ्या डोळ्यात येऊन थांबतोय, हे डोक्यात आलं की राखाडी असल्याचं काही वाटत नाही. आमच्या पुण्यातल्याच एनसीआरए या खगोल संशोधन केंद्राच्या संशोधकांनी वेबच्या डेटात अलकनंदा नावाची सर्पिल दीर्घिका शोधली, विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. तिचा फोटो बघा, इवलासा आहे, पोस्टर करायच्या लायकीचा नाही. दोन हात मात्र स्पष्ट आहेत आणि इतक्या लवकर इतकी नीटनेटकी दीर्घिका कशी तयार झाली हाच प्रश्न आहे. टेलिस्कोप घेण्याआधी मी त्या फोटोकडे ढुंकून बघितलं नसतं.

चंद्राचं वेगळं लिहायला हवं, कारण फोटो आणि डोळा यात फरकच पडत नाही अशी ही एकच गोष्ट. उलट डोळ्याने जास्त चांगला. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर बघायचं, पौर्णिमेला नाही, पौर्णिमेला सावल्या नसतात त्यामुळे सगळं सपाट. कोपर्निकस विवर ९३ किलोमीटरचं, त्याच्या भिंतीच्या पायऱ्या मोजता येतात. हमखास विचारला जाणारा प्रश्न, चांद्रयान-३ दिसतं का? नाही. चंद्रावरचं दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान काही या टेलिस्कोपमध्ये वेगळं ओळखता येत नाही आणि विक्रम लँडर काही मीटरचा आहे.

धूमकेतूचं पण सांगतो. लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वात जवळ आला २१ ऑक्टोबरला, नेमकं लक्ष्मीपूजन! आकाशात धूर, खाली भुईचक्र, आणि त्यात मला दिसला एक पांढुरका मऊ ठिपका. त्याच रात्री इन्स्टावर हिरवं डोकं आणि लांब शेपटीचे फोटो. ते पण खरे, फक्त अनेक एक्सपोजर एकावर एक रचलेले.

आता वापरायच्या कटकटी. बॉक्समधला १० एमएमचा आयपीस सुमार आहे, सहा महिन्यात बदलावासा वाटेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा. फोकसर, म्हणजे आयपीस मागेपुढे करायचा भाग, थोडा ढिला. आरसे जुळवून घेणं, कोलिमेशन, सुरुवातीला भीती वाटते पण एफ/८ असल्यामुळे थोडं इकडेतिकडे चालतं, माझ्या टेलिस्कोपचा मुख्य आरसा प्रवासात हललेला आला होता आणि दुकानात फोन केला तर "असंच असतं, वापरून बघा" एवढंच उत्तर. शेवटी व्हिडिओ बघून स्वतः केलं. सर्व्हिस म्हणून काही मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका, कुठल्याच दुकानाकडून.

नेणं-आणणं हा सगळ्यात मोठा प्रश्न. नळी एक मीटरच्या वर लांब, बाइकवर जमतच नाही. मी एसटीने नेला गावाला, शिवाजीनगरवरून, तर कंडक्टर काका म्हणाले हा बोअरवेलचा पाइप कुठे घेऊन चाललास, लगेज लागेल. पूर्ण नारायणगावपर्यंत नळी मांडीवर. कार नसेल तर टेबलावर ठेवायचा छोटा टेबलटॉप टेलिस्कोप बघा, खरंच.

पुण्यात गच्चीवर लावायचा असेल तर चेअरमनना आधी सांगून ठेवा, समोरच्या बिल्डिंगवाल्यांना वाटतं आपण त्यांच्या खिडकीत बघतोय. त्यांना एकदा वर बोलावून चंद्र दाखवला की तक्रार संपते. आणि आमच्याकडे जुन्नर भागात अंधार चांगला आहे पण उसात बिबट्या आहे, त्यामुळे शेतात एकट्याने टेलिस्कोप लावून बसायचं शहाणपण करू नका, घराच्या स्लॅबवरून जे दिसेल ते बघा. जवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटरच्या तीस डिश आसपास पसरलेल्या आहेत, त्या रेडिओ लहरी पकडतात म्हणून दिवसा आणि ढगात पण काम करतात, आपल्याला तेवढं नशीब नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, जाऊन या.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या टेलिस्कोपमधून बघाच. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे, वांगणीला त्यांचे कार्यक्रम होतात. राखाडी एम ४२ बघून जर तुम्ही "एवढंच?" म्हणालात तर तीस हजार वाचले. बघून परत रांगेत उभे राहिलात तर घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार आयपीस आणि बॉक्सवरच्या फोटोंसाठी कापला. मोबाईल अडॅप्टर लगेच घेऊ नका, चंद्र सोडून त्याचा काही उपयोग होत नाही आणि फोटोच्या नादात बघायचं राहून जातं. आणि मे-जूनमध्ये सेल लागला तरी मोह आवरा, जून ते सप्टेंबर आकाशच नसतं, वर दमट हवेत बोर्डाचा स्टँड फुगतो आणि आरशावर बुरशी धरायची भीती, मी माझा सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात ठेवणार आहे. दसऱ्याला घ्या.